ग्लायकॉल चिलरचं मिश्रण: निवड, भरणी, निगा आणि विल्हेवाट

जानेवारीच्या शेवटी दिंडोरी पट्ट्यातली द्राक्षं वायनरीत यायला लागतात, तेव्हा दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो. पांढऱ्या वाइनचा रस मात्र १२ ते १६ अंश सेल्सियसवर आंबवायचा असतो. पुढे वाइनमधलं टार्टरेट बाटलीत खडे होऊन बसू नये म्हणून तिला काही दिवस उणे ४ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. साध्या पाण्याने हे होत नाही, ते शून्यालाच गोठतं. म्हणून टाक्यांच्या जॅकेटमधून, म्हणजे दुहेरी भिंतीतल्या पोकळीतून, ग्लायकॉल (पाण्याचा गोठणबिंदू खाली आणणारं द्रव्य) आणि पाण्याचं मिश्रण फिरवतात. ते गार करणारं यंत्र म्हणजे चिलर. आइस्क्रीमचा कारखाना, ब्रुअरी, औषधांचा किंवा केमिकलचा प्लांट, कुठेही गेलात तरी तत्त्व हेच.

चिलर घेताना मालक कॉम्प्रेसरची कंपनी विचारतो, टनेज (थंड करायची क्षमता) विचारतो, वीज किती खाईल ते विचारतो. आत फिरणारं द्रव्य कोणतं आणि त्याची निगा कोण राखणार, हे बहुतेक वेळा विचारलंच जात नाही. पातळी खाली गेली की टाकीत नळाचा पाइप सोडायचा, एवढीच देखभाल. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ग्लायकॉल यंत्रणा थंडीने नव्हे, या टॉपअपच्या पाण्याने बिघडल्या आहेत. म्हणून या लेखात वायनरीचा चिलर समोर ठेवून सगळी कामं क्रमाने सांगतो आहे. आकडे बदलून हीच पद्धत इतर कारखान्यांतही चालेल.

तुमच्याकडचं कुलंट नेमकं कोणतं?

कारखान्यात ‘कुलंट’ म्हणून जे ओळखलं जातं, त्यात अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनवरचं दुधासारखं पांढरं कुलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं कटिंग ऑइल, साधारण ५ ते ८ टक्के. तिथे गोठण्याचा प्रश्नच नसतो. त्याचे नियम वेगळे: मिसळताना तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही. सोमवारी सकाळी मशिन सुरू केल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, तर वर तरंगणारं, मशिनच्या सरकत्या भागांवरून आलेलं तेल काढायचं आणि बॅक्टेरियाचा बंदोबस्त करायचा.

दुसरा प्रकार ब्राइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा. कोकणात मासेमारी बंदरांजवळच्या बर्फाच्या कारखान्यांत पत्र्याचे कॅन अशाच थंड ब्राइनमध्ये बुडवून लाद्या तयार होतात. साधं मीठ सुमारे २३ टक्के असेल तर ब्राइन उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहतं, कॅल्शियम क्लोराइडचं आणखी बरंच खाली जातं. ब्राइन स्वस्त आहे, पण लोखंड खातं. नव्या बंद यंत्रणेसाठी मी ते सुचवणार नाही.

तिसरा प्रकार जनरेटर आणि गाड्यांच्या इंजिनातला. त्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे. आपला मुख्य विषय चौथा: चिलरमधलं ग्लायकॉल.

एथिलीन की प्रॉपिलीन?

ग्लायकॉल दोन प्रकारचं मिळतं. एथिलीन ग्लायकॉल स्वस्त, थंडीत कमी दाट होणारं, उष्णता चांगली वाहून नेणारं, पण विषारी. प्रॉपिलीन ग्लायकॉल महाग आणि थंडीत जास्त दाट होणारं, पण अन्नपदार्थांतही मर्यादित प्रमाणात वापरायची परवानगी असलेलं.

निवडीचा नियम सोपा ठेवा. द्रव्य आणि खाण्यापिण्याची किंवा औषधाची वस्तू यांच्यामध्ये फक्त एक पत्रा किंवा एक गॅस्केट असेल, तर प्रॉपिलीनच घ्या. टाकीचं जॅकेट, दुधाचा प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ प्लेटांमधून उष्णता काढून घेणारं उपकरण), सिरपची टाकी, सगळं यातच आलं. वेल्डला केसाएवढी चीर पडली तरी ती कित्येक दिवस कळत नाही. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. प्लास्टिक मोल्डिंगचा साचा किंवा केमिकल रिअ‍ॅक्टर अशा जागी, जिथे अन्नाशी संबंध येण्याची शक्यताच नाही, तिथे एथिलीन खुशाल वापरा.

प्रॉपिलीन घेतलं म्हणजे काम संपलं असंही नाही. ग्रेड आयपी किंवा यूएसपी (भारतीय किंवा अमेरिकी औषधसंहितेनुसार) हवा आणि त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र हातात हवं. त्यात एथिलीन ग्लायकॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल तपासल्याची नोंद शोधा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ही द्रव्यं दिसायला सारखी, चवीला गोडसर. डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून सील तुटलेला ड्रम किंवा ‘त्याच कंपनीचा माल आहे, लेबल तेवढं निघालंय’ असा ड्रम परत पाठवा.

आता सर्वांत जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट. बाजारातून नुसतं शुद्ध प्रॉपिलीन ग्लायकॉल आणून पाण्यात मिसळायचं नसतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे ग्लायकॉल हळूहळू आम्लात बदलतं आणि गंजरोधक नसलेलं मिश्रण लोखंडाला साध्या पाण्यापेक्षाही जास्त खातं. म्हणून ‘इनहिबिटेड’ म्हणजे गंजरोधक मिसळलेलं द्रव्य घ्या. अन्नउद्योगासाठीच्या द्रव्यात गंजरोधक म्हणून बहुधा डायपोटॅशियम फॉस्फेट असतं. डब्यावर एनएसएफ या प्रमाणन संस्थेची एचटी१ अशी नोंद असेल तर ते अन्नाशी चुकून संपर्क येऊ शकेल अशा जागी वापरण्यासाठी नोंदवलेलं आहे.

गाडीचं हिरवं-लाल कुलंट चिलरमध्ये ओतू नका. त्यातली काही गंजरोधकं इंजिनच्या ॲल्युमिनियमसाठी बनवलेली असतात. चिलरमध्ये त्यांचा साका होऊन प्लेटवर थर बसतो आणि पंपाचं सील घासलं जातं. रंगावरून तर काहीच ठरवू नका. रंग कंपनीने आपल्या सोयीने टाकलेला असतो.

किती टक्के ठेवायचं?

बहुतेक जण इथे खोलीचं किंवा टाकीचं तापमान बघतात. बघायचं असतं चिलरच्या इव्हॅपोरेटरचं, म्हणजे जिथे रेफ्रिजरंट (चिलरमधला थंडावा देणारा वायू) उकळून मिश्रण गार करतो त्या भागाचं. यंत्रणेतली सर्वांत थंड जागा तीच, आणि द्रव्य आधी गोठतं ते तिथल्या प्लेटच्या पृष्ठभागावर. नाशिकमध्ये बाहेर कधीही बर्फ पडत नसलं तरी चिलरच्या पोटात रोज उणे दहा-अकरा अंश असतात.

हिशोब असा करा. वाइन उणे ४ अंशांवर न्यायची आहे, म्हणून जॅकेटला उणे ६ अंशांचं ग्लायकॉल हवं. ते मिळण्यासाठी आत रेफ्रिजरंट साधारण उणे ११ अंशांवर उकळत असेल. त्याखाली ५ अंश मोकळीक धरा. म्हणजे मिश्रणाचा गोठणबिंदू उणे १६ हवा. मग तक्ता बघा. घनफळानुसार हे अंदाजे आकडे:

प्रॉपिलीन ग्लायकॉल
२५ टक्के: उणे १०
३० टक्के: उणे १३
३५ टक्के: उणे १६
४० टक्के: उणे २१
५० टक्के: उणे ३३

एथिलीन ग्लायकॉल
३० टक्के: उणे १४
४० टक्के: उणे २३
५० टक्के: उणे ३५ च्या आसपास

म्हणजे आपल्या वायनरीला ३५ टक्के प्रॉपिलीन. शेवटचा आकडा घेताना तुमच्या कंपनीचाच तक्ता वापरा, कारण ड्रममध्ये गंजरोधक आणि थोडं पाणी आधीच असतं.

‘मग ५० टक्केच टाकू, कायमची कटकट मिटेल’ असं वाटणं साहजिक आहे. पण ५० टक्के प्रॉपिलीन उणे ५ अंशांवर शून्य अंशाच्या पाण्यापेक्षा दहा पटींहून जास्त दाट असतं. पंपावर भार वाढतो, प्रवाह मंदावतो, प्लेटमधून उष्णता नीट जात नाही आणि उष्णता धरून ठेवायची क्षमताही कमी होते. चिलर दिवसभर चालूनही टाकी थंड होत नाही, मग दोष कॉम्प्रेसरवर जातो. दुसऱ्या बाजूला २५ टक्क्यांच्या खालीही जाऊ नका. पातळ ग्लायकॉल बॅक्टेरियाचं खाद्य आहे. त्यात चिकट गाळ तयार होतो आणि गंजरोधकाची मात्राही पुरत नाही. फक्त ५ अंशांचं थंड पाणी लागत असेल आणि गोठण्याची भीती नसेल, तरी ग्लायकॉल वापरायचंच असेल तर किमान २५ ते ३० टक्के ठेवा.

यंत्रणेत किती लिटर मावतं?

हा आकडा बहुतेक ठिकाणी कुणालाच ठाऊक नसतो आणि त्याशिवाय पुढची एकही पायरी नीट होत नाही. कागदावर काढायचा तर दोन इंची पाइपमध्ये मीटरमागे सुमारे २ लिटर, एक इंचीत सुमारे अर्धा लिटर धरा. चिलरपासून टाक्यांपर्यंत ६० मीटर अंतर असेल तर जाणारी-येणारी लाइन मिळून १२० मीटर, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास. त्यात बफर टँक (मिश्रणाची साठवण टाकी), जॅकेट आणि इव्हॅपोरेटर मिळवायचे. जॅकेटचं घनफळ टाकी बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगवर असतं.

खात्रीचा मार्ग मात्र वेगळा आहे. यंत्रणा धुताना ती पाण्याने पूर्ण भरायचीच असते. तेव्हा लाइनवर वॉटर मीटर लावा, सगळ्या टाक्यांचे जॅकेट व्हॉल्व्ह उघडे ठेवा आणि वाचन लिहून घ्या. समजा १६०० लिटर आलं. त्याचे ३५ टक्के म्हणजे ५६० लिटर. प्रॉपिलीनच्या २१५ किलोच्या ड्रममध्ये सुमारे २०७ लिटर असतं. तीन ड्रम मागवा, साठेक लिटर टॉपअपसाठी उरेल.

पाणी

पाणी डीएम किंवा आरओ प्लांटचं, म्हणजे क्षार काढलेलं घ्या. बोअरचं पाणी नको, टँकरचं त्याहून नको. आपल्याकडे काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम गंजरोधकातल्या फॉस्फेटशी जोडला जातो आणि पांढरा गाळ होऊन खाली बसतो. दुहेरी नुकसान: प्लेटवर थर बसतो आणि ज्यासाठी पैसे मोजले ते गंजरोधकही मिश्रणातून निघून जातं. क्लोराइड जास्त असेल तर स्टेनलेस स्टीलला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. क्लोराइड आणि सल्फेट प्रत्येकी २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) खाली आणि एकूण कठीणपणा १०० पीपीएमच्या खाली असावा. वायनरीत किंवा डेअरीत आरओ असतोच, त्याचा रिपोर्ट एकदा मागून बघा. असं पाणी मिळवायची सोयच नसेल तर कंपनीकडून तयार मिश्रण घ्या. वाहतूक महाग पडते, पण प्लेट हीट एक्स्चेंजर बदलण्याइतकी नाही.

आधी धुवा

नव्या पाइपलाइनमध्ये वेल्डिंगची खपली, कटिंग ऑइल, वाळू असते. जुन्या लाइनमध्ये गंज आणि आधीच्या द्रव्याचा गाळ. दोन्ही ठिकाणी १ ते २ टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटचं पाणी काही तास फिरवा, काढा, स्ट्रेनर (लाइनमधली गाळणी) उघडून साफ करा आणि स्वच्छ पाण्याने निवळ येईपर्यंत धुवा. ॲल्युमिनियमचे भाग असतील तर हे रसायन आधी कंपनीला विचारूनच वापरा.

हीच वेळ आहे पाइपलाइनवरून एक फेरी मारायची. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कुठे असेल तर काढा. जस्त गंजरोधकाशी जुळत नाही, मुलामा निघतो आणि गाळ होतो. एमएस (साधं पोलाद), स्टेनलेस, तांबं, एचडीपीई (प्लास्टिक) चालतं. सगळे ग्लँड आणि फ्लँज बघून घ्या, कारण जिथून पाणी गळत नाही अशा सांध्यातूनही ग्लायकॉल पाझरतं.

धुण्याचं पाणी काढल्यावरही जॅकेटच्या तळाशी आणि लाइनच्या खोलगट भागात थोडं राहतंच. ते हिशोबात धरा. आत ८० लिटर राहिलं असेल तर नवीन मिश्रण १५२० लिटरच मावेल. ते ३५ टक्क्यांचं केलंत तर शेवटी ३३ टक्केच भरेल. म्हणून पूर्ण ५६० लिटर ग्लायकॉल त्या १५२० मध्येच घाला.

मिसळणं आणि भरणं

वेगळ्या स्वच्छ टाकीत आधी पाणी आणि मग ग्लायकॉल घेऊन पंपाने फिरवून एकजीव करा, नंतरच यंत्रणेत भरा. ड्रम थेट यंत्रणेत रिकामा करून वरून पाणी सोडायची पद्धत बंद करा. ग्लायकॉल पाण्यापेक्षा थोडं जड असतं, दोन्ही लगेच मिसळत नाहीत. निव्वळ पाण्याचा एक लांब टप्पा जर इव्हॅपोरेटरमध्ये शिरला आणि तेव्हा कॉम्प्रेसर चालू असेल, तर ते तिथेच गोठून प्लेट फाडतं. मग रेफ्रिजरंट आणि ग्लायकॉल एकमेकांत मिसळतात आणि पूर्ण सर्किट हातचं जातं.

भरताना सर्वांत खालच्या बिंदूकडून सावकाश भरा आणि वरच्या बिंदूंवरचे एअर व्हेंट उघडे ठेवा. पंप सुरू केल्यावर खडखड आवाज किंवा प्रेशर गेजचा काटा थरथरत असेल तर हवा अजून आत आहे. सेटिंग सुरुवातीला १० अंशांवर ठेवा आणि पूर्ण एक दिवस सगळी जॅकेट उघडी ठेवून फिरवा. त्यानंतर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून नमुना घ्या. दोन्हीकडे एकच टक्केवारी आली तरच तापमान टप्प्याटप्प्याने खाली न्या.

बफर टँक उघडा असेल तर त्यावर झाकण बसवा आणि परतीच्या पाइपचं तोंड द्रव्याच्या पातळीखाली न्या. वरून धबधब्यासारखी पडणारी धार मिश्रणात सतत हवा मिसळत असते आणि ती हवाच ग्लायकॉलला आंबट करते. पाइपचा एक तुकडा जोडायचं काम आहे, पण मिश्रणाचं आयुष्य यामुळे जितकं वाढतं तितकं दुसऱ्या कशानेही वाढत नाही असं माझं ठाम मत आहे.

सेफ्टी सेटिंग्ज

अँटीफ्रीझ थर्मोस्टॅट आणि लो-प्रेशर कटआउट (तापमान किंवा दाब फार उतरला की चिलर बंद करणारे स्विच) मिश्रणाच्या गोठणबिंदूच्या वर असायला हवेत. फ्लो स्विच (प्रवाह थांबला की चिलर थांबवणारा) खरोखर काम करतो का, हे पंप बंद करून बघा. चिलर लगेच थांबला पाहिजे. फ्लो स्विचला जंपर मारून (तार जोडून तो निकामी करून) चालवलेले चिलर मी पाहिले आहेत. असं दिसलं तर यंत्र बंद ठेवून आधी तो जंपर काढा.

दर महिन्याची तपासणी

लागतात तीन गोष्टी: रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून टक्केवारी दाखवणारं उपकरण), पीएच मीटर किंवा चांगल्या पट्ट्या, आणि पारदर्शक काचेची बाटली.

नमुना चालू लाइनवरच्या कॉकमधून घ्या, आधीचे एक-दोन लिटर बादलीत सोडून. बाटलीत घेऊन खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कारण गार थेंबामुळे काच धुरकट होते आणि वाचनही चुकतं. रिफ्रॅक्टोमीटरची काच डीएम पाण्याने पुसून शून्य जुळवा. मग नमुन्याचे दोन थेंब टाका, झाकण असं दाबा की बुडबुडा राहणार नाही, आणि उजेडाकडे धरून बघा. वर निळा आणि खाली पांढरा भाग दिसतो, त्यांच्या सीमेवरचा आकडा म्हणजे तुमचं वाचन. आतमध्ये बहुधा दोन पट्ट्या असतात, एक एथिलीनची आणि एक प्रॉपिलीनची. आपली कोणती ते मीटरच्या डबीवर मार्करने लिहून ठेवा. वायनरीत द्राक्षाची साखर मोजायचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर हाताशी असतो आणि तोच ग्लायकॉलला लावला जातो. त्यावरचा ब्रिक्सचा आकडा म्हणजे ग्लायकॉलची टक्केवारी नव्हे, त्यासाठी कंपनीचा रूपांतर तक्ता लागतो.

नंतर पीएच. चांगलं मिश्रण ८ ते १० मध्ये असतं. ८ च्या खाली उतरलं तर कंपनीला विचारून गंजरोधकाचा डोस द्या. ७ च्या खाली गेलं असेल तर डोस देऊन वेळ काढू नका, मिश्रण बदला आणि यंत्रणा धुवा.

आणि बाटली उजेडात धरून नीट बघा, वास घ्या. रंग फिका पण स्वच्छ असेल तर चिंता नाही. तपकिरी झाक म्हणजे लोखंड गंजतं आहे. निळसर-हिरवट झाक, मूळ रंग तसा नसताना, म्हणजे तांबं सुटतं आहे. तळाशी बारीक काळे कण असतील तर स्ट्रेनर उघडा. आंबट, उग्र वास म्हणजे ग्लायकॉल कुजत चाललं आहे. बोटांत घेतल्यावर बुळबुळीत तार धरत असेल तर बॅक्टेरिया वाढले आहेत, आणि टक्केवारी नक्कीच खाली आलेली सापडेल. हा नमुना तारीख लिहून मागच्या महिन्याच्या बाटलीशेजारी ठेवा. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की जो बदल दिसतो तो आकड्यांत सहज निसटतो.

टक्केवारी कमी झाली तर

आधी गळती शोधा. बंद यंत्रणेत ग्लायकॉल उडून जात नाही. टक्केवारी घसरली म्हणजे मिश्रण कुठेतरी जातं आहे आणि त्याजागी पाणी भरलं जातं आहे. इन्सुलेशनखालची गळती दिसत नाही, तिथे हात फिरवला तर चिकट लागतं. गळती सापडतच नसेल तर टाक्यांची पातळी तपासा: ग्लायकॉल वाइनमध्ये तर जात नाही ना? एकेका जॅकेटचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, ठरलेल्या दाबापेक्षा जास्त न भरता, रात्रभर गेज बघणं हा खात्रीचा मार्ग.

गळती बंद झाल्यावर हिशोब करा. समजा १००० लिटरमध्ये २२ टक्के आलं आहे आणि ३० हवं आहे. हवे असलेल्या आणि सध्याच्या टक्क्यांतला फरक ८. तो १०० वजा २२, म्हणजे ७८ ने भागा आणि एकूण लिटरने गुणा. उत्तर सुमारे १०३. तेवढं मिश्रण काढून तेवढंच ड्रममधलं ग्लायकॉल घाला, फिरवा, पुन्हा मोजा.

यापुढे टॉपअप फक्त तयार मिश्रणाचा. चिलरशेजारी त्याच टक्केवारीचा एक भरलेला कॅन कायम ठेवा आणि टाकीवर येणारी पाण्याची लाइन काढून टाका. व्हॉल्व्ह बंद ठेवण्यावर विसंबू नका, रात्रपाळीतला माणूस तो उघडणारच. पाइप तोडून टोकाला प्लग मारा.

जनरेटरच्या कुलंटबद्दल थोडं

डिझेल जनरेटरमध्ये ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतं’ म्हणून साधं पाणी भरलं जातं. तिथे गोठणं हा मुद्दाच नाही. निम्मं एथिलीन ग्लायकॉल असलेलं मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळतं, रेडिएटरच्या दाबाच्या झाकणामुळे आणखी बरंच वर. मोठ्या इंजिनात लायनर (सिलिंडरचा आतला नळा) थरथरतो, बाहेरच्या द्रव्यात बुडबुडे फुटतात आणि धातूला खड्डे पडत जातात. त्यापासून कुलंटमधली रसायनंच वाचवतात. आयएस ५७५९ नुसार बनवलेलं आणि इंजिन उत्पादकाने सांगितलेलं तयार मिश्रणच भरा, दोन कंपन्यांची कुलंट एकत्र करू नका. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. लेहसारख्या ठिकाणी काम असेल तर दोन्ही टोकं सांभाळावी लागतात: हिवाळ्यात गोठणं, आणि साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी ९० अंशांच्या आतच उकळणं.

सांडलं किंवा पोटात गेलं तर

प्रॉपिलीन सांडलं तर फरशी निसरडी होते, भरपूर पाण्याने धुवा, पण पावसाळी गटारात सोडू नका. एथिलीन ग्लायकॉल मात्र गंभीर विषय आहे. ते गोडसर लागतं आणि शंभरेक मिलिलिटरही प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकतं. सुरुवातीला माणूस दारू प्यायल्यासारखा वाटतो, म्हणून दुर्लक्ष होतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं, त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात आणि मूत्रपिंड निकामी होतं. वेळेत दवाखाना गाठला तर यावर उतारा आहे, फोमेपिझोल किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेनॉल. म्हणून लक्षणांची वाट बघू नका, सोबत ड्रमचं लेबल किंवा त्याचा फोटो घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि पाण्याच्या बाटलीत, शीतपेयाच्या बाटलीत ग्लायकॉल कधीही भरून ठेवू नका, नमुन्यापुरतंही नाही. नमुन्याची बाटली वेगळ्या आकाराची, मोठं लाल लेबल लावलेली ठेवा.

जुनं मिश्रण काढताना

ग्लायकॉल निसर्गात विघटित होतं म्हणून ओढ्यात सोडलं तर काय बिघडतं, असा प्रश्न येतो. बिघडतं ते पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे. १०० लिटर प्रॉपिलीन ग्लायकॉल पूर्ण कुजायला सुमारे १७० किलो ऑक्सिजन लागतो. हा भार अंदाजे तीन हजार माणसांच्या एका दिवसाच्या सांडपाण्याएवढा आहे. नाल्यातले मासे गुदमरून मरतात. आपल्याच ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटमध्ये) एकदम ओतलं तर तिथले जिवाणू कोलमडतात आणि प्लांट सावरायला आठवडे जातात.

प्रॉपिलीन असेल, त्यात जड धातू नसतील आणि ईटीपीची क्षमता असेल, तर ऑपरेटरशी बोलून रोज थोडं थोडं सोडता येतं. सीओडी (सांडपाण्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) रोज मोजत राहा. एथिलीन किंवा गंजाने काळं पडलेलं मिश्रण ड्रममध्ये भरून, लेबल लावून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्याप्रमाणे तळोजा किंवा रांजणगावसारख्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे पाठवा. त्याची पावती आणि मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा अधिकृत कागद) जपून ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

दिवाळी झाली की एक लिटर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. टक्केवारी आणि पीएचबरोबर राखीव क्षारता, क्लोराइड, लोह आणि तांबं तपासायला सांगा. राखीव क्षारता म्हणजे मिश्रणात आम्ल पचवायची ताकद किती शिल्लक आहे ते. पीएच घसरण्याच्या कितीतरी आधी ती घसरते, म्हणून हा आकडा सर्वांत मोलाचा. डिसेंबरमध्ये दुरुस्ती, गंजरोधकाचा डोस, स्ट्रेनर आणि पंपाचं सील. जानेवारीत द्राक्षांची पहिली गाडी येईपर्यंत चिलर उणे ६ अंशांवर एक आठवडा न अडखळता चाललेला असावा.

हंगाम संपला आणि काही टाक्या रिकाम्या झाल्या तरी त्यांची जॅकेट रिकामी करू नका. अर्धवट ओल्या जॅकेटमध्ये हवा शिरली की गंज तिथूनच सुरू होतो. ती भरलेलीच राहू द्या आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास पंप फिरवा. चिलरच्या दारावर आतून एक पत्र्याची पाटी लावा: द्रव्याचं नाव, एथिलीन की प्रॉपिलीन, टक्के, एकूण लिटर, भरल्याची तारीख, टॉपअपचा कॅन कुठे ठेवला आहे. फिटर बदलतात, ठेकेदार बदलतात. रात्री दोन वाजता पातळीचा अलार्म वाजला की नवीन माणूस आधी त्या पाटीकडेच बघेल.